मामाजींचा पहिला घोट

गोंदियात पाण्याची चव कळणारा माणूस एकच होता, आणि ही माहिती त्याने स्वतःच सगळ्यांना दिलेली होती. हा माणूस म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे सासरे. ताई त्यांना आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मामाजी म्हणे. तिचे ऐकून शेजारच्या सुना म्हणू लागल्या, मग त्यांचे नवरे, मग दूधवाला, आणि शेवटी त्यांच्याहून वयाने मोठा असलेला पोस्टमनही. मी त्या काळी नागपूरच्या एका दैनिकाला गोंदियाहून बातम्या पाठवत असे. बातमीदाराला दोन्ही बाजू ऐकण्याची सवय असते. मामाजींच्या बाबतीत ती सोय नव्हती. कोणत्याही प्रश्नाला त्यांच्याकडे एकच बाजू असे, आणि दुसरी बाजू बोलायला उभी राहीपर्यंत ते जेवायला बसलेले असत.

त्यांचा आत्मविश्वास अगदीच निराधार नव्हता. कुडव्याकडे त्यांची थोडी धानाची शेती होती आणि उमेदीची सगळी वर्षे त्यांनी भाताच्या गिरण्यांमध्ये दलाली केली होती. पोत्यातला एक दाणा काढायचा, दाढेखाली फोडायचा, जिभेवर घोळवायचा आणि सांगायचे की हा धान ओला आहे, भरडताना तुकडा होईल. गिरणीवाले त्यांच्या शब्दावर गाड्या परत पाठवत. पुढे व्यापार मुलाने सांभाळला आणि मामाजींच्या दाढा एकामागून एक गेल्या. दाढा गेल्यावर जीभ बेकार झाली, आणि बेकार जिभेने पाणी हाती घेतले.

गल्लीचा सार्वजनिक नळ त्यांच्याच दारासमोर होता. सकाळी नळात आधी हवेची फुरफुर ऐकू येई, मग तांबूस धार, मग पाणी. बायका हंडे-गुंड्या मांडून उभ्या असत, पण कोणी तोटीखाली भांडे लावत नसे. मामाजी पितळी गडू घेऊन बाहेर येत. पहिला घोट घेऊन उजव्या बाजूला थुंकत, दुसरा तोंडात धरून गिरण्यांच्या धुराड्यांकडे पाहत, आणि तो घशाखाली उतरला की म्हणत, "गोड आहे. भरा." मग भरणे सुरू. ही पद्धत कधी आणि कोणी ठरवली, हे मी चौकशी करूनही कळले नाही. एकदा ते तापाने पडलेले असताना ताईने गडू आत नेला, त्यांनी अंथरुणातून घोट घेतला, आणि तोवर सगळी गल्ली रिकाम्या हंड्यांसह उभी राहिली. नव्याने आलेल्या एका सुनेने घाईत आधीच कळशी लावली, तेव्हा तिच्या सासूने ती सगळ्यांदेखत ओतून टाकली.

आपल्या नळाबाहेरचे पाणी मामाजींना मान्य नव्हते. माझी खोली विहिरीच्या पाण्यावर चाले. ते माझ्याकडे येत ते झाकण लावलेला गडू घेऊनच. "चहा तुमचा, पानी माहं," असे म्हणून तो चुलीशी ठेवत. नवेगाव-बांध या गावी एका लग्नात त्यांनी वधूपक्षाने दिलेल्या पाण्याचा घोट घेतला आणि भर मांडवात जाहीर केले, "ह्या पान्यात म्हशी बसून रायल्या." पाणी वधूच्या बापाने खास शेजारच्या गावातल्या विहिरीवरून बैलगाडीने आणवले होते. वऱ्हाड जेवायला बसेना. शेवटी वधूचा बाप हात जोडून म्हणाला, "मामाजी, म्हशी माह्याकडे दोनच हायेत, त्या बी मांडवामागं बांधल्या. येऊन पाहून घ्या जी." मामाजी गेले, म्हशी पाहिल्या, आणि परत येऊन म्हणाले, "ह्या नाई. ह्या दुसऱ्या." लग्न लागले.

गल्लीतल्या दुखण्यांचे निदानही त्यांच्याकडेच असे. आमच्याकडे पोटाची दुखणी तेव्हा फार होती आणि त्या गल्लीत जरा जास्तच. मामाजींना प्रत्येक दुखण्याचे कारण ठाऊक असे: वांगे, शिळा भात, रेल्वेचा प्रवास. समोर कौसाबाई नावाची विधवा बाई मुरमुरे-फुटाण्यांचे दुकान चालवत असे. तिची नात त्या उन्हाळ्यात सारखी जुलाबांनी पडत होती. "कच्चे आंबे खाऊन रायली तुही नात," मामाजी म्हणाले. "आंबे तं संपले जी," कौसाबाई म्हणाली. "मंग मागचे असतीन," मामाजी म्हणाले आणि आत गेले.

अशा गल्लीत एके दिवशी नगरपालिकेचा ओव्हरसियर आला. जबलपूरकडचा, हिंदी बोलणारा, धीराचा माणूस. गल्लीतले जुने नळ काढून नवे टाकायचे ठरले होते. ते इंग्रजांच्या वेळचे. खणण्याची मजुरी वाचवायला तेव्हा एकाच चरात पाण्याचा बिडाचा नळ आणि मोऱ्यांचे सांडपाणी नेणारा भाजक्या मातीचा नळ शेजारीशेजारी पुरलेले होते. आता दोन्ही नवे आणि वेगवेगळे टाकायचे होते. मजुरांनी चुन्याची रेघ मारली. मामाजींनी त्या रेघेवर बाज टाकली आणि तीवर बसले.

"इंग्रजाची लाइन आहे. हिले काय धाड भरली?" त्यांनी विचारले.

"दादाजी, पुरानी हो गई है. जोड़ ढीले होंगे."

"जोड तुमचे ढिले. ह्या पान्याची गोडी सगळ्या गोंदियात नाई. नव्या नळानं ते जाईन. मी रोज चाखून रायलो, तुमी आजच आले."

गल्ली मामाजींच्या बाजूने होती. बाज दोन दिवस हलली नाही आणि मजूर तिच्या आजूबाजूला बसून विड्या ओढत राहिले. तिसऱ्या दिवशी ओव्हरसियरने तडजोड काढली. तो म्हणाला, एकाच जागी खणून पाहू. नळ चांगला निघाला तर मी वर तसे कळवतो आणि माणसे घेऊन परत जातो. जागा दादाजींनीच सांगावी.

दुसऱ्या कोणी गल्लीचे टोक दाखवले असते. मामाजी उठले, बाज स्वतः ओढून बाजूला केली आणि काठी थेट आपल्या दारासमोर टेकवली. "अटी खना. अटचं पानी सगळ्याइत गोड."

ऐकून सगळी गल्ली जमली. मीही बातमीच्या निमित्ताने गेलो होतो. कुदळ थोडी आत गेल्यावर माती ओली लागली, मग काळी, आणि मग वास आला. पुढच्या बायकांनी पदर नाकाला लावले. माती बाजूला झाली तेव्हा दिसले ते असे: मातीचा नळ बरोबर तिथे फुटला होता, सांडपाणी चरात साचले होते आणि त्यात पाण्याच्या नळाचा सांधा बुडालेला होता. सांध्यातले शिसे निघून गेलेले. नळ बंद असताना आत दाब नसतो, तेव्हा बाहेरचे पाणी सांध्यातून आत जाते, हे ओव्हरसियरने हळू आवाजात समजावले. विजयाचा सूर त्याच्या बोलण्यात नव्हता, हे नमूद केले पाहिजे.

सगळे कौसाबाईकडे पाहत होते. तिने चरात पाहिले, मामाजींकडे पाहिले आणि ती नातीला उचलून दुकानात गेली. मामाजी बराच वेळ काठीवर रेलून खाली बघत राहिले. मग त्यांनी बाज उचलली, घरात नेली आणि दार लावून घेतले.

काम सुरू झाले. नळ बंद, म्हणून बायका पलीकडच्या विहिरीवरून पाणी आणू लागल्या. मामाजी बाहेर दिसेनात. ताई सांगे, जेवतात, पण भाजीत मीठ कमी की जास्त हेसुद्धा बोलत नाहीत; काहीही विचारले तर म्हणतात, "तुमीच पाहा." ज्या घरात इतकी वर्षे एकच मत होते, त्या घरात आता एकही उरले नाही. माझ्या बहिणीला त्याची भीती वाटू लागली. पलीकडच्या विहिरीचे पाणी त्यांच्यापुढे ठेवले तर ते न चाखता पिऊन टाकत.

नव्या नळाला पाणी सोडायचे ठरले त्या सकाळी गल्लीत पूर्वीसारखेच हंडे मांडले गेले. ओव्हरसियरने स्वतः तोटी उघडली. फुरफुर झाली, धार आली, स्वच्छ झाली. पाणी दगडावर पडत होते आणि एकही बाई पुढे झाली नाही. "भरिए न, बहनजी," ओव्हरसियर म्हणाला. बायका मामाजींच्या दाराकडे बघत राहिल्या.

शेवटी कौसाबाई दुकानातून उठली आणि दारावर थाप मारली. "मामाजी, पानी येऊन रायलं. बायाइले कायले उभं ठेवलं?"

आतून आवाज आला, "माहं काय काम आता? माही जीभ खोटी निघाली."

"निघाली तं निघाली. मी कुठं जीभ मांगून रायली?"

"तुह्या नातीले मी आंबे सांगितले, कौसा."

कौसाबाई दाराच्या आणखी जवळ गेली. "सांगितले. अन् मले लय राग आला. पन ते घान पानी रोज सगळ्याच्या आंधी कोनं पेलं? तुमीच नं? ते तं खोटं नाई. या आता, नाई तं माहा हंडा मी तसाच वापस नेतो."

कडी निघाली. मामाजी गडू घेऊन बाहेर आले. थोडे वाकले होते. पहिला घोट उजवीकडे थुंकला, दुसरा तोंडात धरला. धुराड्यांकडे पाहिले. इतका वेळ पाहिले की ओव्हरसियरने टोपी काढली. मग घोट उतरला.

"काईच लागत नाई," मामाजी म्हणाले.

"दादाजी, यही तो अच्छा पानी है!"

मामाजींनी त्याच्याकडे, मग कौसाबाईच्या हंड्याकडे पाहिले. "भरा," ते म्हणाले.

नळ बदलल्यानंतर गल्लीत पोटाची दुखणी उतरली, अशी बातमी मी पाठवली. ती छापून आली. तीत मामाजींचा उल्लेख नव्हता आणि गल्लीत त्याबद्दल नाराजी होती. पुढे घरोघरी तोट्या आल्या. ज्या घरी नवी तोटी बसे तिथे पहिल्या सकाळी मामाजींना बोलावणे जाई. ते गडू घेऊन जात, घोट घेत आणि म्हणत, "काईच लागत नाई." हे कौतुक आहे की तक्रार, ते शेवटपर्यंत कळले नाही. 'गोड' हा शब्द मात्र त्यांनी पाण्यासाठी पुन्हा वापरला नाही. सगळ्या घरांत तोट्या झाल्या तशी बोलावणीही संपली.

ते गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात मी ताईकडे मुक्कामाला होतो. सकाळी स्वयंपाकघरातल्या नळाला पाणी आले. ताईने हंडा पुढे केला, थांबली, फळीवरून पितळी गडू काढला, भरला आणि एक घोट घेतला.

"कसं लागतं?" मी विचारले.

"काहीच लागत नाही," ती म्हणाली. हंडा तोटीखाली लावायला मात्र तिला जरा वेळ लागला.