निळ्या काठाची ताटली

घरात एकदा कापूस साठवला की तो कसा खाटेखाली, उशीपाशी, चहाच्या कपातबी सापडते, तसं आमच्या मयुरीच्या जर्मनीचं झालं हाय. पोरगी तिथं राह्यली सहा महिने, पन तिच्या गोष्टी कितीबी झाडा, निघूनच राह्यल्या! अन् आमच्या देऊळगाव राजात ज्यानं त्यानं आपल्या घरचा मसाला टाकून सांगतल्या. म्हणून खऱ्या मी सांगते. मी चौथी शिकलेली बाई, खोटं बोलाले तेवढी अक्कल पुरते कुठं!

मयुरी म्हंजे माही नात, दिलीपची पोरगी. इंजिनेरिंगले होती. कॉलेजनं एक सेमिस्टर जर्मनीले पाठवाचं ठरवलं. दिलीप शाळेत मास्तर, तो खुश. पन सूनबाईनं, सुनीतानं, अट घातली, "सहा महिने म्हंजे सहा महिने. वर एक दिवस नाई. अन् फोनवर एकदा जरी रडली, तं तिथूनच वापस आणीन!"

पोरीनं मले न्हाणीमागं नेलं. "आजी, मले पुढचंबी तिथंच शिकाचं हाय. तू आईले सांभाळजो."

मी म्हणलं, "तुह्या आईले सांभाळता सांभाळताच माहे केस पांढरे झाले. अजून काय होते!"

* * *

विमानात तेवीस किलोच चालते म्हणे. घरी काटा नाई, म्हणून बॅग नेली अडत्याच्या दुकानात, सोयाबीनच्या काट्यावर. हमाल म्हणते, "आजी, माल ओला दिसते. लय वजन भरून राह्यलं!"

काढता काढता तेवीस किलो केली. घरी आलो. सुनेची पाठ फिरली तशी मी दोन स्वेटर अन् एक चादर काढली, अन् लोखंडी खलबत्ता घातला. आता ठेचा नाई खाल्ला तं पोरीचं डोकं चालन कसं?

विमानतळावर साहेबानं बॅग उघडली. बत्ता हातात घेऊन विचारते, "ये क्या है?"

पोरीनं कपाळावर हात मारला. "आजी है, साहेब!"

* * *

पहिला आठवडा पोरगी लय रडली. फोन केला की ओठ थरथर. सुनीता चुलीपाशी भाकरी थापत, फोन माह्या हातात. हात पुसत ती आली की मी गुपचूप वायफायचं बटन दाबो.

"आत्याबाई, काय झालं?" सून मले विचारे.

"नेट गेलं माय!"

आठ दिवस नेट बरोब्बर पोरीच्या डोळ्यात पाणी आलं की जाये. दिलीपनं वायरवाल्याले बोलावलं. तो बिचारा उन्हात खांबावर चढला, गल्लीभर वायर तपासली, डब्बा बदलला. म्हणे, "मास्तर, लाइन तं एकदम ओके हाय!"

मी त्याले दोन कप चहा पाजला. पाप धुवा लागते ना!

* * *

तिथं सर वर्गात आले की कोणी उभंच राहत नाई. आमची मयुरी मात्र राह्ये. पोरं पाहत. सर म्हणे, "मयुरी, काही विचाराचं हाय का?" ही म्हणे, "नो सर." अन् बसे.

चार दिवस असंच. पाचव्या दिवशी सर आले, तं अख्खा वर्ग उभा! सरानं मांगं वळून पाह्यलं, की आपल्यामांगं कोन मोठा माणूस आला!

* * *

मंग आला रविवार. मयुरीनं शेंगदाण्याची चटणी कुटाले घेतली. आता तिथं रविवारी आवाज कराचा नाई, हे तिले कोणी सांगतलंच नव्हतं. धाडधाड, धाडधाड! खालच्या मजल्यावरची म्हातारी काठी घेऊन वर आली. हेल्गाबाई तिचं नाव. माह्यापेक्षाबी म्हातारी, अन् तोंड माह्यापेक्षा तिखट!

ती जर्मनमंधी बोलून राह्यली, पोरीले समजे ना. पन आपल्याकडं भांडाले आलेल्यालेबी आधी हातावर काही ठेवा लागते. पोरीनं वाटीभर चटणी दिली. बाईनं रागारागात चमचाभर तोंडात टाकली अन् लालभडक होऊन पायरीवरच बसली!

मयुरीनं आम्हाले फोन लावला. "आई, बाई मरते वाटते!"

"साखर दे तिले, साखर!" सुनीता वरडली.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात हेल्गाबाई. हातात निळ्या काठाची ताटली, ताटलीत केक. अन् मुठीनं कुटल्यासारखं करून विचारते, आता पुन्हा कधी कुटतं?

* * *

इथून पुढं माही सून कामाले लागली.

कोणाचं भांडं रिकामं वापस द्यायचं नाई, हे सुनीताचं वेडच हाय. एकदा बीबी गावच्या लग्नातून चुकून एक वाटी आमच्या सामानात आली. दुसऱ्या दिवशी तिनं दिलीपले शाळेतून सुट्टी घ्याले लावली अन् बसनं बीबीले पाठवलं. वाटीत साखर घालून!

आता रोज फोनवर एकच चौकशी, "आज खालून काय आलं?"

"आंबट कोबी आली, आई."

"नासली असन बिचारीची. पन तू रिकामी नको देजो. आलूबोंडे कर."

ताटली वर जाय, ताटली खाली येय. परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरीच्या घरात काहीच नव्हतं, तं मूठभर साखर घालून दिली. हेल्गाबाईले वाटलं, पोरीनं चहाले बोलावलं. ती किटली घेऊन वर आली अन् दोन घंटे हललीच नाई! त्या पेपरात मयुरी वर्गात पहिली आली. कशी, तिले अन् हेल्गाबाईलेच माहीत.

पोरगी रडते का हे विचाराचं सुनीता कवाच विसरली.

* * *

आमच्या शेजारी शांताबाई. तिनं विचारलं, "काऊन वो, पोरीनं तिकडं कोनी पाह्यला तं नाई?"

मी म्हणलं, "काय सांगू बाई! एकाच घरी रोजचं जाणं-येणं. एकाच ताटलीतलं खाणं. केक काय, कोबी काय!"

यात खोटं काय हाय? घर म्हातारीचं हाय एवढंच नाई सांगतलं.

हळदीकुंकवात एकीनं सुनीताले विचारलं, "जावई काय करते?"

"कोणाचा?"

"तुह्याच!"

दोन दिवस मले बिनसाखरेचा चहा भेटला. कप आपटून म्हणे, "जावयाले सांगा आता केक पाठवाले!"

* * *

सहा महिने झाले, मयुरी आली. संगं कागद घेऊन आली. तिथल्याच कॉलेजात दोन वर्षांची अॅडमिशन, स्कॉलरशिपसकट. दिलीपनं वाचून दाखवला. सुनीता म्हणे, "बोलणं काय झालं होतं? नाई म्हंजे नाई."

दोन दिवस असेच गेले. पोरीनं जेवण सोडलं नाई, पन ठेचा सोडला. मले समजलं, मामला गंभीर हाय.

तिसऱ्या दिवशी सुनीतानं कपडे धुवाले बॅग उपसली. टॉवेलात गुंडाळलेली निघाली, निळ्या काठाची ताटली.

"ही इथं कशी वं?"

मयुरी खाली पाहून म्हणे, "निघाच्या दिवशी हेल्गा आजीनं केक दिला त्यात. वापस द्याले टाइमच नाई भेटला."

सुनीता ताटली हातात धरून मटकन खाली बसली. "दुसऱ्याचं भांडं! सहा महिने त्या बाईनं एकदा रिकामी नाई पाठवली, अन् तू उचलून घेऊन आली!"

दिलीप म्हणे, "कुरियर करून देऊ."

"कुरियरनं कोणी भांडं वापस करते का?" ती त्याच्यावरच वरडली. "हातानं द्या लागते!"

मयुरीनं माह्याकडं पाह्यलं. मी सुपारी कातरून राह्यली होती, मान वर नाई केली.

सुनीतानं पदरानं ताटली पुसली. उलटी करून पाह्यली, सुलटी करून पाह्यली. उठली, अन् रव्याचा डब्बा खाली काढला.

"आत्याबाई, रव्याचे लाडू किती दिवस टिकते?"

मी म्हणलं, "दोन वर्षं तं आरामात."