काकवी लावलेला कौल

कळसच्या येमाईचा कौल लावावा तर ठमाबाई गुरविणीनंच. देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि विचारणाऱ्यानं प्रश्न बोलायचा. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. तेवढ्यावर गावातली लग्नं ठरली, मोडली, विहिरींच्या जागा नक्की झाल्या. हे काम शिकवताना सासूनं एकच गोष्ट घोकवून घेतली होती, "चपला भाईर काढतीस तसं मनबी भाईर काढायचं. न्हायतर आईचं बोलणं ऐकू येत न्हाय."

ठमाबाईला ते जमायचं. लखन जाईपर्यंत जमायचं.

लखन तिचा एकुलता एक. अप्पांची उसाची ट्रॉली अंधारात रस्त्यातच उभी होती, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि लखनची मोटरसायकल तिच्यावर गेली. अप्पा म्हणजे गावातलं मोठं खटलं. त्यांनी याच देवळात देवीचा भंडारा उचलून शपथ घेतली, "दिवा हुता. पोरगं पिऊन हुतं." ज्या पोरानं सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात टाकलं नाही, ते गावाच्या लेखी दारुडं ठरलं. शपथ खोटी असती तर देवीनं दाखवलं नसतं का, असं लोक म्हणाले. अप्पांचा ऊस तर जोमात होता. तेव्हापासून ठमाबाईचं देवीशी बिनसलं. दिवाबत्ती ती करायची, पण मनात अप्पांसाठी एकच होतं: येशील, कधीतरी कौलाला माझ्यापुढंच येशील.

यंदा अप्पा आले. त्यांची नात वैष्णवी हिला पिंपळीचं स्थळ आलं होतं. पाहुणे देवभोळे, कौल मिळाल्याशिवाय सुपारी फुटणार नव्हती. देवळात निम्मं गाव लोटलं होतं आणि वैष्णवी खाली मान घालून बसली होती.

ठमाबाई तयारच होती. उजव्या कळीला तिनं पाण्याऐवजी गुऱ्हाळावरची घट्ट काकवी लावली. ती आता संध्याकाळपर्यंत पडत नव्हती. डावी पडणार, लग्न मोडणार, अप्पाची अब्रू पिंपळीपर्यंत धुळीला मिळणार. लखन गेल्यापासून तिला काही म्हणून गोड लागलं नव्हतं, ते आज बोटं चिकट होताना लागलं.

"आई, नातीचं भलं हाय का, सांग," अप्पा हात जोडून म्हणाले.

सवयीनं ठमाबाईनं डोळे मिटले आणि मन बाहेर काढायला गेली. पण आत दुसरं काही नव्हतंच, नुसता लखन होता. तिला एकदम उमगलं. सासूनं मन बाहेर काढ म्हटलं होतं, लपव म्हटलं नव्हतं. इतकी वर्षं आपण राग पोटात घेऊन आईपुढं वावरलो आणि एकदाही तिला तोंडानं सांगितला नाही. आई गप्प नव्हती, आपणच गप्प होतो.

तिनं उजवी कळी ओढून काढली आणि बोटं सगळ्यांना दाखवली.

"काकवी हाय. ह्यो कौल खोटा लावलाय मी. अप्पाचं वाटोळं व्हावं म्हणून ह्या पोरीचं लगीन मोडणार हुते."

देवळात एकच गलका उठला. ठमाबाईनं भंडाऱ्याचं ताट अप्पांपुढं सरकवलं.

"माझी खोट मी आईपुढं ओकले. आता तुमी. परत भंडारा उचला, ट्रॉलीला दिवा हुता म्हणा. मग खरा कौल लावते."

अप्पांनी हात पुढं केला आणि वैष्णवीकडं बघितलं. तेव्हाची शपथ त्यांच्या एकट्याच्या जिवावर होती. आजची नातीच्या संसारावर बसणार होती. हात काही ताटापर्यंत जाईना.

"दिवा नव्हता," अप्पा म्हणाले. "लखन प्यालेला नव्हता."

कुणीतरी लगेच म्हणालं, "जाऊ द्या आता, ठमामावशी. मोकळं करा त्यास्नी." दुसऱ्याच्या पोटच्या गोळ्याची माफी लोकांना फार लवकर सुचते.

ठमाबाईनं हात धुतले. साध्या पाण्यानं दोन नव्या कळ्या लावल्या. सगळे टक लावून बसले. उजवी पडली.

ती कळी तिनं वैष्णवीच्या ओटीत घातली. "भलं हाय तुझं, बाई. सुखानं जा."

अप्पा गुडघ्यावर पुढं सरकले. "आन् माझं? आई मला पदरात घेईल का, तेवढं इचार, ठमाबाई."

"ते आईला कशाला?" ठमाबाई म्हणाली. "लखनला इचारा."