मेंगबाईंची पहाटेची प्रार्थना

लॉस एंजलिसच्या आमच्या कोरियन प्रेस्बिटेरियन मंडळीतल्या मेंग ग्वी-रे या बाईंना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: क्वोनसा हे पद. वयाने पोक्त झालेल्या बाईला मंडळी मतं देऊन ते बहाल करते, आणि मग मरेपर्यंत तिला कुणी नुसत्या नावाने हाक मारत नाही. बरोबरीच्या सगळ्याजणी क्वोनसा झाल्या, मेंगबाई दोनदा पडल्या. कुणाची किमची खारट झाली हे भर पंगतीत सांगायची खोड असलेल्या बाईला मत देणार कोण? हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी ऐकून कोण घेतंय.

तिसऱ्या निवडणुकीच्या आठवड्यातच आमच्या पंथाच्या मुख्य कचेरीला गोऱ्या नसलेल्या सभासदांची भक्ती फोनवरून मोजायची हुक्की आली. काळे, कोरियन, स्पॅनिश बोलणारे, सगळ्यांना एका गोणीत भरून त्यांनी चिठ्ठ्या काढल्या. बाईंची चिठ्ठी निघाली. नाव गुप्त राहील, असं कळवलं होतं. त्यावरून बाईंनी ताडलं की निवडणुकीआधी आपली गुपचूप चौकशी चाललीय.

फोन आला तो पहाटे. अमेरिकेच्या पूर्व टोकाला कचेरी उघडली तरी इकडे पश्चिमेला लोक झोपलेले असतात, एवढं भक्ती मोजणाऱ्यांना सुचलं नव्हतं. बाई पांघरुणात होत्या. त्यांचा नवरा, सो ब्योंग-ऊ, रोजच्यासारखा चर्चला निघाला होता, दारात बूट चढवत.

"रविवारखेरीज चर्चमध्ये जाता का, आजी?" पलीकडच्या मुलीने कॉलेजात शिकलेल्या कोरियनमध्ये विचारलं.

'आजी' ऐकून बाईंचं डोकं फिरलं, पण आवाज त्यांनी मऊच ठेवला. "रोज पहाटे जाते, बाळा."

"रोज? म्हणजे या वेळेला?"

"याच वेळेला."

"मग आत्ता तुम्ही..."

"चर्चमध्येच आहे," बाई म्हणाल्या. लांबचा फोन म्हणून त्या ओरडूनच बोलत होत्या. "ऐकू येत नाही का, किती शांत आहे इथे?"

मुलीने मुकाट्याने पुढचा प्रश्न घेतला. प्रार्थनेने समाधान मिळतं का? खूप, बऱ्यापैकी, की थोडं?

"सगळ्यात वरचं असेल ते लिही," बाई म्हणाल्या. झाली भक्ती मोजून.

"अगं, धडधडीत खोटं बोललीस," नवरा दारातून म्हणाला.

"लाँड्रीतल्या मशीनपाशी उभं राहून कान गेले तुमचे, आणि नेमकं हे बरं ऐकू आलं."

पण बाईंना धास्ती बसली. कचेरीने पाद्रींना विचारलं तर? म्हणून शनिवारी पहाटे त्या ठेवणीतला कोट घालून स्वतः गेल्या आणि थेट पुढच्या बाकावर नवऱ्याशेजारी बसल्या. ज्यांची मतं हवी होती त्या बायका मागे होत्या. त्यांना आपली पाठ नीट दिसावी, एवढाच त्या दिवशीच्या भक्तीचा हेतू.

पहाटे आमच्याकडे सगळे एकदम, मोठ्यांदा प्रार्थना करतात. जो तो आपलं गाऱ्हाणं ओरडून मांडतो, कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, त्यामुळे अब्रू झाकली राहते. मग पाद्री घंटी वाजवतात आणि सगळे गप्प होतात. तशी त्यांनी वाजवली, सगळे गप्पही झाले. सो ब्योंग-ऊंना घंटी ऐकूच आली नाही.

"तिला क्वोनसा कर, देवा," ते डोळे मिटून, रडत ओरडत होते. "परवा अंथरुणात लोळत फोनवर म्हणाली, चर्चमध्ये आहे. ते मनावर घेऊ नकोस. तिला कुणी विचारत नाही रे. माझं ऑपरेशन झालं तेव्हा इथलं एक माणूस फिरकलं नाही, एकटीच बाहेर बसून होती. न्हाणीघरात जाऊन रडते आणि बाहेर आली की माझ्यावर खेकसते. एवढं दे तिला. तिच्याकडे दुसरं काही नाही."

शेवटी बाईंनीच त्यांच्या दंडाला चिमटा काढला.

रविवारी मेंगबाई भरघोस मतांनी निवडून आल्या. ज्यांनी दोनदा पाडलं होतं, त्यांनीच या वेळी उदार होऊन मतासाठी हात वर केले. दया दाखवायला पैसे पडत नाहीत, आणि आमच्या मंडळीत तिची कधी टंचाई नव्हती, फक्त ती ऑपरेशनच्या वेळी सापडली नव्हती.

"क्वोनसानिम, तुम्ही बसा, मी आणते तुमचं ताट," जेवणाच्या वेळी एकजण पदाला आदराचं 'निम' जोडून म्हणाली. आजाऱ्याशी बोलतात तसा आवाज होता. मेंगबाई बसल्या. ताट आलं. त्यांनी चमचा उचलला नाही.

"तुम्ही तोंड बंद ठेवलं असतं, तर पडले असते मी," त्या नवऱ्याच्या कानाशी म्हणाल्या.

"हो," सो ब्योंग-ऊ हसून म्हणाले. त्यांना वाटलं, बायको आभार मानतेय.

"पडलेलं परवडलं असतं."