गुरुजींनी कापलेले दोन मार्क

"तिच्यासमोर बोल गो बिनधास्त. ती काय बोलत नाय. कपाट हाय नुसतं."

हे माझ्याबद्दल! बोलणाऱ्या माझ्या सासूबाई, ऐकणाऱ्या कल्याणच्या नणंदबाई, आणि मी दाराआड तांदूळ निवडत बसलेली. लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते. राग यायला हवा होता, पण आधी हसूच आलं. कपाटाचं एक असतं, त्याला न विचारता लोक त्यात वस्तू कोंबत राहतात. वैशाखरे गावातलं माहेर सोडून आसनगावजवळच्या ह्या घरात आल्यापासून माझ्यात इतके किस्से कोंबले गेलेत की आता दार लागेना. म्हणून काही बाहेर काढते. सगळे एकाच मुलीचे आहेत.

ती मुलगी म्हणजे ओवी, माझ्या थोरल्या जाऊबाईंची. त्यांना मी वहिनी म्हणते. वय आठ. शाळेत जात नाही. दुसरीत असताना बाईंनी प्रश्न पुरा करायच्या आत उत्तर द्यायची, म्हणून तिला रोज मागच्या बाकावर चित्रं रंगवत बसवायला लागले. तेव्हा वहिनींनी तिला घरी आणलं आणि स्वतः शिकवायला घेतलं. गावात अर्थातच "पोरीला शाळेतून काढली" एवढंच पसरलं.

* * *

पहिला धक्का मला लग्नानंतर पंधरवड्यात बसला. वहिनींनी ओवीकडून तिसरीचा वार्षिक पेपर सोडवून घेतला. कुकरची शेवटची शिट्टी व्हायच्या आत ओवीने तो संपवला, आणि सगळा बरोबर. सासूबाई आनंदाने साखरेचा डबा घेऊन आल्या. बघतात तर वहिनी तोंड पाडून बसलेल्या.

"पैकीच्या पैकी पडले नि तू अशी का बसलीस?"

वहिनी म्हणाल्या, "आई, पाणी किती खोल हाय बघायला विहिरीत दोरी सोडली नि सगळी दोरी भिजूनपण तळ लागला नाय, तर काय कळलं? दोरी आखूड पडली, एवढंच. हिला जिथं अडेल अशी यत्ता शोधायला पाहिजे."

सासूबाईंनी जरा विचार केला. "म्हंजे तुला पोरगी नापास करायचीय."

"हो," वहिनी म्हणाल्या.

साखर सासूबाईंच्या हातातच राहिली. शेवटी त्यांनी ती माझ्या तोंडात घातली.

* * *

मग लांब दोरीचा शोध सुरू झाला. शहापूरच्या बाजारात पुस्तकांच्या दुकानात वहिनींनी सहावीचे आणि सातवीचे सराव पेपर मागितले. दुकानदाराने विचारलं, मूल कितवीला आहे. वहिनी म्हणाल्या, कितवीलाच नाही, घरी शिकते. दुकानदार थबकला. त्याची नजर वहिनींवरून सरकत मागे उभ्या असलेल्या माझ्यावर आली. हातात हिरवा चुडा, मान खाली.

त्याचा चेहरा एकदम मायाळू झाला. "लाजायचं नाय ताई," तो मला म्हणाला, "आता लग्नानंतर पण शिकतात बायका. सातवी झाली की थेट सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसा."

मी बी.कॉम. आहे! पण तो इतक्या आपुलकीने बोलत होता की खोडून काढणं जिवावर आलं. मी मान हलवली. त्याने मला एक पेन भेट दिलं. ते पेन चांगलं चालतं.

* * *

वहिनींनी एक परदेशी ऑनलाइन टेस्टही शोधली. उत्तरं बरोबर आली की ती टेस्ट आपोआप अवघड होत जाते. मोबाइलला रेंज फक्त गच्चीवरच्या टाकीपाशी, त्यामुळे ओवीने टाकीला टेकून, डोक्यावर माझी ओढणी घेऊन ती दिली. गणित सटासट गेलं. भाषेत एक प्रश्न आला: रात्रभर बर्फ पडलाय, सकाळी दार उघडत नाही, तर मुलगा आधी काय करेल? ओवीने उत्तर दिलं, आजीला हाक मारेल. चूक!

निकाल आला, गणित सातवीच्या बरोबरीचं आणि भाषा चौथीच्या. वहिनी खूश झाल्या, निदान भाषेत तरी तळ लागला म्हणून. सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, मात्र काही केल्या पटेना.

"म्हणजे अर्धी पोरगी सातवीत न् अर्धी चौथीत? मग दप्तरं किती घ्यायची?"

"एकच घ्या," ओवी म्हणाली, "मोठं."

* * *

मोबाइलवरच्या निकालावर अण्णांचा विश्वास नव्हता. तपासणारा माणूस पाहिजे, तोही डोळ्यांसमोरचा. म्हणून शेजारचे गुरुजी आले. गावातल्या दोन पिढ्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. आता रिटायर झालेत, पण लाल पेन अजून खिशाला असतं. वहिनींनी पाचवीचा पेपर ओवीकडून सोडवून घेऊन त्यांच्याकडे दिला. गुरुजींनी तपासून अठ्ठ्याण्णव दिले.

वहिनींनी पेपर वरून खाली पाहिला, खालून वर पाहिला. सगळं बरोबर. त्यांनी विचारलं, गुरुजी, चुकलं कुठे?

"चुकलं नाही काही. दोन मी कापतो."

"कशाबद्दल?"

"डोक्यात हवा जाऊ नये म्हणून. तुझ्या नवऱ्याचे पण कापायचो. पैकीच्या पैकी मी आजवर कोणाला दिले नाहीत."

माझे दीर, म्हणजे ओवीचे बाबा, कोपऱ्यात चहा पीत बसले होते. त्यांचा कप तोंडाशीच थांबला. चौथीत दोन मार्कांनी त्यांचा पहिला नंबर गेला होता म्हणे, आणि त्या दिवशी अण्णांचा मार खाल्ला होता. ते बराच वेळ गुरुजींकडे बघत राहिले. गुरुजींनी बशीतली खारी उचलली.

ओवीही गुरुजींकडेच बघत होती. पण तिच्या बघण्यात राग नव्हता. नवीन काहीतरी समजल्यावर ती जशी बघते, तशी बघत होती.

* * *

मग कल्याणच्या ताई, म्हणजे नणंदबाई, आल्या. मला कपाट म्हटलं गेलं, तो हाच दिवस. जेवणानंतर सगळे मधल्या खोलीत बसले. मी आणि ओवी कोपऱ्यात चिंच फोडत होतो.

ताईंचं म्हणणं, पोरगी एवढी हुशार असेल तर इथे कशाला कुजवायची? कल्याणला आमच्याकडे राहील, मोठ्या शाळेत जाईल, शनिवार-रविवार क्लास, दिवाळीला घरी. अण्णांचं म्हणणं वेगळं. पोरगी खरंच पुढे आहे की आईचा नुसता हट्ट आहे, हे एकदा कळू दे. नाहीतर जूनमध्ये गावच्या शाळेत, मी स्वतः सोडायला जाणार.

वहिनी म्हणाल्या, मी सातवीचा गणिताचा पेपर निवडलाय. चारपैकी एका उत्तरावर खूण करायची. तिथे ती अडेल आणि कुठून पुढे शिकवायचं ते मला कळेल.

ते "कुठून पुढे शिकवायचं" कोणाच्याच कानात शिरलं नाही. ताई लगेच म्हणाल्या, "ऐंशीच्या वर पडले तर मी हिला घेऊन जाणार."

"चाळीसच्या खाली आली तर शाळा," अण्णा म्हणाले.

पोरीला कोणी विचारलं नाही. ती तिथेच होती, माझ्या शेजारी. चिंचोके एका बाजूला, गर एका बाजूला. तिचा हात फक्त एकदा थांबला आणि तिने आईकडे पाहिलं. वहिनी जमिनीकडे बघत होत्या. रात्री भांडी घासताना त्या मला एवढंच म्हणाल्या की ही कल्याणला गेली तर मी ह्या घरात बोलायचं कोणाशी. मग माझ्याकडे बघून ओशाळल्या. मी ताट विसळत राहिले.

* * *

परीक्षेच्या दिवशी सुपरवायझर मी. नेमणूक सासूबाईंची. "ती बोलत नाय, म्हंजे उत्तर सांगायचा सवालच नाय."

पेपर शंभर मार्कांचा. ओवी खाली मांडी घालून, पाट पुढ्यात घेऊन बसली. मी समोर. सुरुवातीला ती भराभर खुणा करत गेली. मग मला दिसलं. प्रश्न वाचला की पेन्सिलीचं टोक बरोबर उत्तरावर जायचं, तिथे टेकायचं, आणि मग ते उचलून ती शेजारच्या उत्तरावर खूण करायची. एकदा वाटलं, गोंधळली असेल. मग पुन्हा तेच. आणि पुन्हा. मध्येच ती थांबायची, ओठ हलवून मागच्या खुणा मोजायची आणि पुढचे दोन-तीन बरोबर सोडवायची.

सुपरवायझरने बोलायचं नसतं.

पेपर मिटून, पेन्सिल कंपासमध्ये ठेवताना ती माझ्या कानाशी आली आणि कुजबुजली, "काकी, बासष्ट."

गुरुजी आले आणि त्यांनी सगळ्यांसमोर तिथेच बसून पेपर तपासला. लाल पेनाने मोठा आकडा काढला आणि वाचला, "साठ."

खोलीतली हवाच गेली. ताई म्हणाल्या, साठवाल्या ढिगाने असतात कल्याणात. अण्णा म्हणाले, ना धड इकडे ना धड तिकडे. सासूबाईंनी साखरेचा डबा पदराखाली घेतला. गुरुजी म्हणाले, सोप्या सोप्यांत चुकलीये, लक्ष नाही पोरीचं.

आणि वहिनी, ज्यांना तळच हवा होता, त्या पेपर हातात घेऊन रडायला लागल्या. म्हणाल्या, "हे तर हिला सहा महिन्यांपूर्वी येत होतं. माझंच शिकवणं कच्चं. अण्णा, जूनमध्ये घाला शाळेत. मी उगाच पोरीचं वर्ष घालवलं."

ओवीचा चेहरा पांढरा पडला. हा हिशेब तिने धरला नव्हता. तिने माझ्याकडे पाहिलं.

मी उठले. माझा आवाज ह्या घरात कोणी नीट ऐकलाच नव्हता, त्यामुळे पहिल्या शब्दाला सगळ्यांनी आधी दाराकडे पाहिलं.

"गुरुजी, तिला बासष्टच पडलेत, आणि तेवढे तिनं मोजून पाडलेत. तुमी दोन कापणार हे धरून. चाळीसच्या खाली गेली तर आईची हार, ऐंशीच्या वर गेली तर कल्याण, म्हणून ती बरोबर मधे येऊन बसली. आता हिची कितवीची परीक्षा घ्यायची, ते तुमीच सांगा."