नोंद क्रमांक सत्तेचाळीस

"जरा चपलांकडं बघ रं. तुझ्या बापाचंच काम, तुला काय शिकवायचं!"

आबा दारात उभं राहून बोलले. सगळ्यांना ऐकू जाईल असं. पाहुणे हसले. देणगी दिलेल्या कंपनीतून आलेले दोन साहेबही हसले, काय विनोद झाला हे न कळताच हसले. आणि आपापले जोडे माझ्या पुढ्यात सारून एकेक जण आत गेला.

आमच्या गावच्या संग्रहालयाचं उद्घाटन होतं. मोशीच्या जवळ, इंद्रायणीच्या काठी आमचं गाव. शेतांवर आता टॉवर उभे राहिलेत. जमिनी विकलेल्या लोकांना उतारवयात गावाची आठवण यायला लागली, म्हणून जुन्या शाळेच्या इमारतीत त्यांनी संग्रहालय काढलं. आबा समितीचे अध्यक्ष. गावातलं सगळ्यात मोठं घराणं त्यांचं. रिटायर झालेले एक सर सचिव. आणि मी देखभालीला. कुलूप उघडायचं, झाडायचं, आणि आलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद वहीत करायची.

तर मी चपलांपाशी बसलो. हे आधीच सांगून टाकतो. पन्नाशी ओलांडलेला माणूस, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत नोंदवही, आणि बसलो. जोड्याला जोडा लावत गेलो. नाही म्हणालो नाही.

खिडकी उघडी होती. आतलं ऐकू येत होतं. सगळे विहिरीचं पाणी ओढायच्या चामडी मोटेपाशी थांबले. आबा सांगत होते, "ही आमच्या आज्याची मोट. हिच्या पान्यावर गाव जगलं." कंपनीच्या साहेबानं विचारलं, "ही बनवली कोणी?" सरांनी खालचं कार्ड वाचलं.

"कारागीर, अज्ञात."

ते कार्ड माझ्या अक्षरातलं होतं. मोट माझ्या बापानं शिवलेली होती.

अक्षर माझं चांगलं. तेवढ्यावर तर हे काम मिळालं. त्याआधी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत ठेकेदाराकडं होतो, अर्धं आयुष्य. तिथं इन्स्पेक्शनचे रिपोर्ट लिहायचो. तिथला नियम कडक. खाडाखोड करायची नाही. व्हाइटनर लावायचं नाही. चुकलं तर चुकलेली ओळ तशीच ठेवायची, वाचता आली पाहिजे. खाली दुरुस्ती लिहायची आणि सही ठोकायची. चूक लपवलीस तर गेटच्या बाहेर. पुढं आमची लाइन बंद झाली आणि मी चूक न करताच गेटच्या बाहेर आलो.

संग्रहालयाची वही सुरू करताना मी हा नियम सरांना सांगितला. सरांना भलताच आवडला. त्यांनी पहिल्या पानावर तो लिहून घेतला, खाली स्वतः सही केली, आबांची घेतली. प्रत्येक पानावर आकडे टाकून घेतले. दाराशी पाटीही माझ्याकडूनच रंगवून घेतली, 'नोंदवही सर्वांना पाहण्यासाठी खुली आहे.' चार लोकांत म्हणाले, "बघा, कंपनीतला माणूस कसा शिस्तीचा असतो." मी फुगलो. कौतुकाची सवय नसली की माणूस पटकन फुगतो.

मग एक दिवस आबांच्या गोठ्यातून मोट आली. चामडं वाळून लाकडासारखं झालेलं. मी ती पुसायला घेतली आणि हात थांबला. शिवण ओळखीची होती. एक टाका सरळ, एक उलटा, आणि गाठ आतल्या बाजूला. बाप तशीच शिवायचा. मोटा गेल्या, पंप आले, मग तो चाकणच्या रस्त्याला एका कंपनीच्या गेटबाहेर बसून कामगारांचे सेफ्टी शूज शिवायला लागला. तेव्हाही टाका हाच. मी त्याच्याशेजारी बसून शाळेचा अभ्यास केलाय, तो टाका मला झोपेतही ओळखू येईल.

सर सांगत होते, मी लिहीत होतो. नोंद क्रमांक सत्तेचाळीस. चामडी मोट. मालक, आबांचे आजोबा, पूर्ण नावानिशी. कारागीर...

"सर, ही माझ्या बापानं शिवलीय."

सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "असेलही. पण पुरावा काय? इतिहासाला पुरावा लागतो. अज्ञात लिही."

मालकाच्या नावाला पुरावा मागितला नव्हता. ते आबांनी तोंडी सांगितलं आणि मी लिहिलं. हे मला तेव्हाच दिसलं होतं. दिसून मी काय केलं? 'अज्ञात' लिहिलं. वळणदार. मग सरांनी सांगितलं तसं कार्डावर पुन्हा लिहिलं. नोकरी जाईल ही भीती होती. खोटं कशाला बोलू?

उद्घाटनाच्या दिवशी घरी गेलो तर आई वाट बघत बसलेली. ऐंशीच्या घरातली बाई, दिसतं कमी, ऐकू सगळं येतं.

"तुझ्या बापाची मोट लावली का रं? खाली नाव लिव्हलं?"

"कार्ड लिहिलंय."

"काय लिव्हलं?"

मला खोटं बोलता आलं असतं. नाही बोललो. "अज्ञात लिहिलं."

"अज्ञात म्हंजी?"

"कोण ते माहीत नाही."

आईनं तो शब्द एकदा म्हणून बघितला. मग म्हणाली, "त्या हिरीवर आमी कधी गेलो न्हाई. आमाला येऊच दिलं न्हाई. लांब हांडा ठिवायचा आन कुनी वाडंल त्याची वाट बघायची. ज्या मोटंत ते पानी वर यायचं, ती माझ्या मालकानं शिवल्याली. आमी शिवलं तर इटाळ. त्याच्या मोटंतलं पानी गोड. आन आता म्हनं म्हाईत न्हाई?"

मग तिनं एकच विचारलं. "हे लिव्हलं कुनी?"

"मी."

तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती भिंतीकडं तोंड करून बसली. चपलांपाशी बसताना मेलो नव्हतो, तेवढा तिथं मेलो. आबा बोलले ते आबांचं. हे पाप माझं होतं.

सकाळी आईला रिक्षात घालून संग्रहालयात नेलं. तिनं बापाची चामडं शिवायची आरी पदराला बांधून आणली होती. मोटेवरून बोटं फिरवत गेली. एका जागी थांबली. आरीचं टोक टाक्याच्या भोकात ठेवलं. बरोबर बसलं. "ह्योच," ती म्हणाली, आणि त्या वाळक्या चामड्याला गाल लावून रडली. मी पण रडलो. लाज वाटली नाही.

मग वही उघडली. सत्तेचाळीसच्या खाली जागा होती. लिहिलं:

'वरील नोंदीत चूक आहे. कारागीर अज्ञात नाही. ही मोट धोंडिबाने, माझ्या बापाने, शिवली. त्याच्या बायकोने टाका ओळखला. अज्ञात हा शब्द मी लिहिला, माहीत असून लिहिला.'

खाली माझी सही. शेजारी आईचा अंगठा.

दुपारी आबा आले. सरांनी वही पुढं केली. आबांनी वाचलं, पुन्हा वाचलं.

"पान फाड."

"पानांवर आकडे हायेत, आबा. फाडलं तर फाडल्यालं दिसंल."

"मग खोड."

"खोडायचं न्हाई असा नियम हाय. पहिल्या पानावर तुमची सही हाय."

आबांचा चेहरा तांबडा झाला. "लई शाना झालास. उद्यापास्नं यिऊ नगंस."

चाव्या टेबलावर ठेवल्या. आयुष्यात पहिल्यांदा काम सुटलं आणि मान ताठ होती.

पंधरा दिवसांनी सर घरी आले. माणूस वाईट नाही, भित्रा आहे. म्हणाले, "मी आबांना तयार केलंय. तू परत ये. कार्ड बदलू. कारागीर, चर्मकार समाज, असं लिहू. तुमच्या समाजाचा मान राहील."

मी म्हणालो, "सर, मालकाच्या जागी तुम्ही आबांच्या समाजाचं नाव लिहिलंय का?"

सरांनी चहाचा कप उचलला.

"तिथं माणसाचं नाव आहे. बापाचं नाव, आज्याचं नाव, आडनावासकट. मग माझ्या बापापाशी आल्यावर जात कशी काय आठवली? जात गाव रोजच लक्षात ठेवत होतं. विसरलं ते नाव."

सर चहा अर्धा टाकून उठले.

परत गेलो नाही. म्हणजे कामाला गेलो नाही. तसा दर रविवारी जातो. आता टॉवरमधली माणसं पोरंबाळं घेऊन बघायला येतात. मी दारात उभा राहतो, माझ्याच हातानं रंगवलेल्या पाटीवर बोट ठेवतो आणि नोंदवही मागतो. माझ्या जागी आलेला नवीन माणूस कुरकुरतो, पण देतो. द्यावीच लागते. मी पान उघडतो आणि मोटेसमोर उभं राहून दोन्ही ओळी मोठ्यानं वाचतो. माझी खोटी ओळ आधी. मग खरी. लोक थांबतात. एखादा विचारतो, धोंडिबा कोण? मी सांगतो.

मागच्या रविवारी आबा आत होते. मी वाचत असताना उठून चालते झाले. दारात थबकले, पायानं चपला चाचपायला लागले, गर्दीत सापडेनात. सवयीनं माझ्याकडं बघितलं.

मी वाचन थांबवलं नाही. कार्डावरून 'अज्ञात' जाईपर्यंत थांबवणारही नाही. ज्याच्या चपला त्यानं वाकावं आणि शोधाव्यात.