तांबड्या कोंबड्याची पिल्लं

मला फार काही नको होतं. आमच्या गावरान कोंबड्या काटक होत्या, घार दिसली की पिल्लांना पंखाखाली घ्यायच्या. पण थोडी अंडी दिली की खुडूक होऊन उबवायला बसायच्या, मग कितीतरी दिवस घरात अंडं दिसायचं नाही. म्हणून सिरसाळ्याच्या बाजारातून जास्त अंडी देणाऱ्या जातीचा एक तांबडा कोंबडा आणला. गावरानचा काटकपणा आणि याच्या जातीची अंडी एका कोंबडीत यावीत, एवढीच इच्छा.

सासूबाई म्हणाल्या, "कावून हा खटाटोप? हायेत त्या बऱ्या हायेत."

पहिली पिल्लं निघाली ती सगळी काळी. शेजारी मोटरसायकली दुरुस्त करणारे चाचा राहतात. त्यांचा काळा कोंबडा रोज भिंतीवरून आमच्या अंगणात उतरायचा. मी तणतणत गेले.

"चाचा, तुमचा कोंबडा कोंडून ठेवा की."

"बेटी, तुझ्याच कोंबड्या बोलावत्यात त्याला," म्हणत ते हसले. मला हसू आलं नाही.

भिंतीवर जाळी मारली, तर तो फाटकाखालून येऊ लागला. शेवटी तुराट्यांचा कूड करून दोन कोंबड्या तांबड्यासोबत कोंडल्या. काळ्याचा असर जाईपर्यंतची अंडी आम्ही खाल्ली, नंतरची एका खुडूक कोंबडीखाली ठेवली. या वेळी पिल्लं तांबूस निघाली. त्यांतल्या माद्या मोठ्या होऊन तलंगा झाल्या, भराभर अंडी घालू लागल्या, आणि मी सगळ्या गल्लीला सांगत सुटले.

पण त्यांना झाडावर उडता येईना. भरदुपारी मुंगसानं एक ओढून नेली, बाकीच्या नुसत्या बघत उभ्या. शिवाय अंडं घातलं की उठून चालू लागायच्या. उबवायला एकही बसेना. बऱ्याच दिवसांनी एक कडब्याच्या गंजीत बसली. मी तिला तिथंच पाणी नेऊन ठेवलं, कुणाला जवळ फिरकू दिलं नाही. आठवडाभरात ती उठून उकिरड्यावर चरताना दिसली. अंडी थंडगार पडली होती. इतका संताप आला, की मी तिला हुसकत पार रस्त्यापर्यंत गेले.

परत येऊन नासकी अंडी पुरली. मग गावरानांतली, खुडूक झाली की सगळ्यात चिवटपणे बसून राहणारी कोंबडी हेरली आणि पकडून कुडात तांबड्यासोबत सोडली.

"आजून हौस फिटली न्हाई व्हय?" सासूबाईंनी विचारलं.

"न्हाई," मी म्हटलं आणि कुडाचं दार बांधलं.