गुरांच्या वाटेनं

दोन हजार चार साल. मला सदुसष्ट पुरी झाली होती आणि मी अमेरिकेत, फ्रीमाँटला मुलाच्या घरी बसून होतो. बसून होतो हेच खरं, कारण तिथं मला दुसरं काम नव्हतं. मार्चात आलो होतो आणि सप्टेंबरअखेरचं परतीचं तिकीट होतं. मुलानं ते कॅन्सल केलं. मला विचारलं नाही, जेवताना सांगितलं.

कारण काय, तर आदल्या वर्षी मी घाटात पडलो होतो. आमची वस्ती डोंगराच्या माथ्यावर आहे. दूध खाली फाट्यावर डेअरीच्या गाडीला द्यावं लागतं. कच्चा गाडीरस्ता आहे, पण लांबच्या वळशाचा. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर कॅन, आणि पायवाटेनं खाली, असं मी चाळीस वर्षं केलं. त्या दिवशी चक्कर आली. कॅन गडगडत दरीत गेला आणि मी करवंदीच्या जाळीत अडकलो म्हणून वाचलो. मुलाला हे कुणीतरी तिखटमीठ लावून कळवलं. फ्रीमाँटच्या डॉक्टरनं मला सगळीकडून तपासलं, काही निघालं नाही. तरी मुलाचं एकच, "आप्पा, तो घाट आता बंद. आईलाही मी तयार करतो. दोघं इथंच राहा."

त्याची आई तयार व्हायची नव्हती. म्हशी सोडून ती माहेरीसुद्धा कधी दोन रात्री राहिली नाही. दर रविवारी सकाळी ती डोंगर उतरून फाट्यावरच्या दुकानात फोनसाठी येऊन बसायची. फ्रीमाँटला तेव्हा शनिवारची संध्याकाळ असायची. बोलायचो काय, तर म्हैस दूध किती देते आणि मला भाकरी मिळते का. मग दोघंही गप्प. फोनच्या कार्डातली मिनिटं जातात म्हणून मुलगा मला खुणा करायचा. पण त्या गप्प बसण्यासाठीच मी आठवडाभर थांबलेला असायचो. तिकडं दुकानातला रेडिओ ऐकू यायचा, तिचा श्वास ऐकू यायचा, चढ-उताराचा.

दिवाळीच्या आगेमागे गवत कापायला येतं. ते आम्ही दोघं कापायचो. एकटीला ते होणार नव्हतं, आणि मजूर लावणाऱ्यातली ती नाही. गवतासाठी मला जायचंय, एवढंच मी मुलाला सांगायचो. बाकीचं बोलून दाखवायची आमच्यात रीत नाही.

मुलाला डोंगरात पळायचा नाद होता. पाच दिवस सांता क्लाराला ऑफिसच्या खुर्चीत बसायचं आणि शनिवारी पैसे भरून डोंगर पळायचा. दहाव्या वर्षी तो हॉस्टेलला गेला, आमचा घाट त्यानं सुट्टीपुरताच पाहिलेला. त्या सप्टेंबरात घरामागच्या डोंगरावर त्यांची शर्यत होती. चढून-उतरून नऊ मैल, आठाला सुरू, बाराच्या आत खाली.

मी म्हटलं, "माझंही नाव घाल."

"आप्पा, ट्रेल रन आहे ती. लोक सहा-सहा महिने ट्रेनिंग करतात."

"मी चाळीस वर्षं केलंय. बाराच्या आत आलो तर माझं तिकीट काढायचं. नाही आलो तर पुन्हा जायचं नाव घेणार नाही."

तो हसला. सून म्हणाली, "घाला ना नाव, त्या निमित्तानं घराबाहेर तरी पडतील." त्यानं हसत हसतच शब्द दिला, पण दिला.

त्या डोंगराचं नाव स्पॅनिश आहे. तिकडच्या बऱ्याच डोंगरांची तशीच आहेत. मला ते कधी उच्चारता आलं नाही, मी त्याला डोंगरच म्हणायचो. झाड फारसं नाही, नुसतं गवत, तेही उभ्या-उभ्या वाळलेलं. एवढं गवत आणि कुणी विळा लावत नाही, हे मला रोज बघवायचं नाही.

शर्यतीला मी मुलानं आणलेले बूट घातले, वर माझा लेंगा, डोक्यावर टोपी आणि सदऱ्यावर पिनांनी लावलेला नंबर. शे-दीडशे माणसं होती. शिट्टी झाली तशी सगळी सुटली, मुलगा वळणामागे दिसेनासा झाला आणि मी माझ्या चालीनं निघालो. पळालो नाही. चढाला पळणारा माणूस माथ्यावर पोचत नाही, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

रुंद मातीचा रस्ता होता, नागमोडी, प्रत्येक वळणावर रंगीत फीत बांधलेली. फिती नवख्या माणसाला वाट कळावी म्हणून असतील, असं मला वाटलं. पहिल्या वळणाशी शेणाचा वास आला. बघतो तर गुरं चरत होती, आणि त्यांची वाट गवतातून सरळ वर गेलेली. वीतभर रुंद, खुरांनी घोटलेली, अगदी आमच्यासारखी. गुरं उगाच लांबून जात नाहीत. रस्ता गाडीसाठी आणि वाट पायासाठी, आमच्याकडं शेंबडं पोरही असंच चालतं. मी वाटेला लागलो. दोन्ही बाजूंनी वाळलं गवत पोटऱ्यांना घासत होतं. चार वेळा मी रस्ता ओलांडला आणि चारही वेळा सरळ वर गेलो. खाली वळणावर माणसं धापा टाकताना दिसत होती, एकजण माझ्याकडं बघून हात हलवत काही ओरडला. मीही हात हलवला.

माथ्यावर टेबल मांडलं होतं. उकडलेल्या बटाट्याच्या फोडी आणि मीठ. त्या खाल्ल्या, पाणी प्यालो आणि त्याच वाटेनं उतरलो. खाली पोचलो तेव्हा अकराला दहा कमी होते. मुलगा आधीच येऊन उभा होता. हातात यादी घेतलेली एक म्हातारी बाई त्याच्याशी बोलत होती. तिनं माझ्याकडं बघून हसून मान हलवली आणि यादीत एक रेघ मारली.

"काय म्हणते?"

"आप्पा, तुम्ही कोर्स कट केलात. खालून सगळा डोंगर दिसतो. तुमचं मोजणार नाहीत."

"डोंगर चढलो का नाही?"

"चढलात."

"उतरलो?"

"उतरलात. पण रस्ता ठरलेला असतो. सगळ्यांनी तोच घ्यायचा असतो."

"म्हणजे लबाडी केली मी?"

"तसं कुणी म्हटलं नाही."

गाडीत बसून तो रस्त्याला लागला. मग समोर बघतच म्हणाला, "जाऊ दे, आप्पा. मी तिकीट काढतो."

"नको. त्यांनी मोजलं नाही ना? मग नको."

बोलून बसलो. पण तोंडातून गेलेला शब्द मी परत घेतलेला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

संध्याकाळी फोन लागला.

"अवो, कधी येताय?" पहिलाच प्रश्न. एरवी ती विचारायची नाही.

"बघतो. उतरलीस कधी?"

"उजाडायच्या आत निघाले. आता गाडीरस्त्यानं येते. लांब पडतंय, तास-दीड तास जास्ती."

"पायवाटेला काय झालं?"

"पायवाट ऱ्हायलीय कुठं? तुमच्या मागं रोजचं कोण चाललंच न्हाई तिथनं. पावसानं गवात डोक्याएवढं झालंय."

मी काही बोललो नाही. तीही बोलली नाही. मुलानं त्या दिवशी खुणा केल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठलो. नंबर सदऱ्यावर होताच, तोच सदरा घातला आणि कुणाला न उठवता चालत डोंगराच्या फाटकाशी गेलो. साडेसातच झाले होते. आठ वाजेपर्यंत फाटकाला टेकून उभा राहिलो आणि घड्याळात आठ झाल्यावर आत पाऊल टाकलं. फिती काढून नेल्या होत्या. जिथं गुरांची वाट सुटायची तिथं पाय आपसूक तिकडं वळायचे, ते मी ओढून रस्त्यावर आणले. एकही वळण सोडलं नाही. लांब पडत होतं. तिकडं तीही अशीच वळणं घेत आली-गेली असेल, गुडघ्यावर हात ठेवून, म्हणून मी घाई केली नाही. माथ्यावर टेबल नव्हतं. टेबल होतं तिथल्या दगडाला हात लावला आणि आल्या रस्त्यानं उतरलो.

फाटकाशी मुलगा गाडीला टेकून उभा होता.

"वळणं सगळी घेतलीत," तो म्हणाला. "बघितलं मी इथनं."

"घड्याळ बघ."

त्यानं बघितलं. बाराला वीस कमी होते.

"तिकिटाचं आजच बघ," मी म्हटलं, आणि दगडावर बसून बूट काढले.